अशनीचा पंचनामा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी अ‍ॅरिझोना या नैर्ऋत्येकडील संस्थानात होलब्रुक नावाचे रेल्वेच्या रस्त्यावरील एक लहानसे गाव आहे. त्याच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरांवर सांता फे रेल्वेचा अ‍ॅझ्टेक नावाचा एक आडबाजूचा थांबा होता, आणि त्याच्या भोवती, जिकडे दृष्टी फिरवावी तिकडे, वाळू, खुरटी झुडपे आणि कोरड्या ओढ्यांची पात्रे यांवाचून दुसरे काही नव्हते. १९ जुलै १९१२ रोजी सायंकाळी या निर्जन माळावर तोफांच्या सरबत्तीसारखा गडगडाट झाला आणि त्यापाठोपाठ आकाशातून दगडांचा वर्षाव झाला. त्या दगडांपैकी सर्वांत मोठा साडेसहा किलोग्रॅमांच्या आसपास वजनाचा होता, तर लहानांतील लहान ज्वारीच्या दाण्याहून मोठे नव्हते. आणि सारे मिळून सुमारे तीन मैल लांब व अर्धा मैल रुंद अशा चिंचोळ्या पट्ट्यात विखुरलेले होते. फिलाडेल्फिया येथील खनिजांचे व्यापारी वॉरन फूट यांनी बातमी लागताच हे दगड गोळा करविले, आणि त्याच वर्षी लिहिलेल्या आपल्या वृत्तांतात त्यांनी दगडांची संख्या सुमारे चौदा हजार, तर एकूण वजन दोनशे किलोग्रॅमांच्या वर असल्याचे नमूद केले.

एवढी वेचणी झाल्यावर त्या माळावर आता काय उरले असेल, असे कोणालाही वाटावे. परंतु शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावरही मान खाली घालून, एकेका पावलागणिक जमीन न्याहाळीत तेथे हिंडणारी माणसे दिसतात, आणि ती नेहमीच रिक्त हस्ताने परततात असेही नाही. तेथील मुंग्या आपल्या वारुळांवर बारीक खडे आणून रचतात. त्या खड्यांत क्वचित एखादा काळपट दाणा असा निघतो की, तो अ‍ॅरिझोनाच्या भूमीचा नसून मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या लघुग्रहांच्या पट्ट्यातील असतो. वारूळ दिसले की त्यापुढे गुडघे टेकून बसावे, हा तेथील शोधकांचा शिरस्ता होऊन बसला आहे.

आकाशातून पडलेल्या अशा दगडास आपल्याकडे अशनी म्हणतात. हा शब्द संस्कृतात इंद्राच्या वज्रासाठी योजिलेला असल्यामुळे त्यात एक प्रकारचा दरारा आहे. परंतु प्रत्यक्षातील अशनी हा बहुधा मुठीएवढा, निरुपद्रवी आणि सहज नजरेआड होणारा पदार्थ असतो. त्याचा शोध घेण्याच्या उद्योगाकडे धनलोभाने पाहणारे पुष्कळ आहेत, आणि अशनीचा बाजार तेजीत असल्यामुळे त्यांची संख्या वाढतच आहे. प्रस्तुत लेखकास मात्र या उद्योगातील खरे रहस्य निराळेच वाटते. दगड हाती येणे हे या कार्याचे अर्धे अंग होय. तो कोणत्या जागी, कोणत्या स्थितीत, कोणत्या दगडापासून किती अंतरावर पडलेला होता याचा चोख पंचनामा करणे हे उरलेले अर्धे, आणि ज्याने पहिले साधले परंतु दुसरे टाळले त्याने शास्त्राच्या दृष्टीने दगड मिळविला नाही, तर हरवला, असेच म्हटले पाहिजे.

असे का म्हणावे लागते ते ध्यानात येण्यासाठी अशनी पडतो कसा हे पाहिले पाहिजे. अंतराळातील पिंड पृथ्वीच्या वातावरणात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला निदान अकरा किलोमीटर, आणि कित्येकदा त्याच्या दुपटी-तिपटीने असतो. पुढची हवा दाबली जाऊन इतकी तापते की, पिंडाचा पृष्ठभाग वितळून वाहू लागतो आणि आपणास आकाशात अग्निगोल दिसतो. या प्रचंड दाबाखाली बहुतेक पिंडांच्या ठिकऱ्या होतात. हवेचा विरोध सोशीत त्या ठिकऱ्यांचा वेग ओसरतो, जमिनीपासून वीस-तीस किलोमीटर उंचीवर प्रकाश विझतो, आणि तेथून पुढे काही मिनिटे हे तुकडे काळोखी प्रवास करीत, केवळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने, कोणत्याही उंचावरून टाकलेल्या दगडाप्रमाणे खाली येतात. वितळलेला थर एव्हाना थिजून त्याची पातळ, काळी साल बनलेली असते. अशनी भूमीवर आदळतो तेव्हा जळत असतो ही समजूत सर्वत्र रूढ असली तरी खरी नाही. अंतराळातील थंडी त्याच्या पोटात कायम असते आणि उष्णतेला आत शिरण्यास पुरेसा अवधीच मिळालेला नसतो.

तुकड्यांच्या या शेवटच्या प्रवासात एक नियम दिसून येतो. जड तुकडे आपल्या मूळ दिशेने अधिक दूरवर जातात, हलके लवकर मंदावून अलीकडेच उतरतात, आणि अगदी बारीक कण तर वाऱ्याच्या स्वाधीन होऊन मूळ मार्गापासून किलोमीटर किलोमीटर बाजूला वाहवतात. त्यामुळे भूमीवर जी लंबवर्तुळाकार आकृती उमटते तिच्या एका टोकाला राईएवढे कण आणि दुसऱ्या टोकाला धोंडे असतात. आणि प्रत्येक तुकड्याचे स्थान व वजन नकाशावर मांडले, तर पिंड कोणत्या दिशेने आला, कोणत्या उंचीवर फुटला, मुळात केवढा होता, या साऱ्याचा उलगडा त्या मांडणीतून करता येतो. दगड उचलून खिशात घातला आणि जागेची नोंद केली नाही, म्हणजे या नकाशातील एक बिंदू कायमचा पुसला गेला.

आता दगड ओळखावा कसा? नुकत्याच पडलेल्या अशनीची साल मंद काळी, क्वचित तकतकीत, आणि जाडीने एक मिलिमीटरहून कमीच असते. कोपरा उडालेला असेल तर आतील राखाडी गाभा दिसतो, आणि काळ्या कवचातून डोकावणारा हा फिकट रंग सरावलेल्या नजरेला दुरून खुणावतो. कडा गोलसर झालेल्या असतात. पृष्ठभागावर कधी कधी ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे उथळ खळगे असतात. पडणाऱ्या अशनींपैकी दर शंभरांत नव्वदांहून अधिक पाषाणमय असतात, परंतु त्यांतील बहुतेकांत लोह व निकेल यांच्या मिश्रधातूचे कण विखुरलेले असल्यामुळे ते सामान्य दगडाहून हाताला जड लागतात आणि लोहचुंबकास ओढतात. घासलेल्या बाजूवर भिंग धरले, तर मोहरीएवढे गोल दाणे दिसतात. हे दाणे सूर्यमालेच्या बाल्यावस्थेत, कोणताही ग्रह अस्तित्वात येण्यापूर्वी, अंतराळात तरंगत असतानाच वितळून थिजलेले थेंब होत. पृथ्वीवरील कोणत्याही खडकात ते आढळत नाहीत.

लोहचुंबकाविषयी येथेच एक गोष्ट सांगून टाकणे अवश्य आहे. काठीच्या टोकाला चुंबक बसवून हिंडण्याची शोधकांची रीत सोयीची खरी, कारण त्यामुळे दर वेळी वाकावे लागत नाही. परंतु बलवान चुंबकाचा स्पर्श होताच दगडात कोट्यवधी वर्षे जपून राहिलेली प्राचीन चुंबकत्वाची नोंद नष्ट होते, आणि सूर्यमालेच्या आरंभी कोणती चुंबकीय क्षेत्रे होती हे सांगणारा एक अस्सल दस्तऐवज वाचण्यापूर्वीच कोरा होतो. म्हणून जाणकार संशोधक अलीकडे चुंबकाचा उपयोग शक्य तो टाळतात आणि डोळ्यांवर भिस्त ठेवतात.

डोळ्यांचे हे शिक्षण मात्र आकाशाकडे पाहून होत नाही. ते भूमीकडे पाहून होते. सह्याद्रीच्या पठारावर वाढलेल्या माणसाला ही अडचण चटकन समजेल. आपल्याकडे पायाखालचा प्रत्येक धोंडा काळा, जड आणि लोहयुक्त. अशा बेसाल्टच्या राज्यात काळ्या सालीचा परका दगड वेगळा काढणे म्हणजे काळ्या घोंगडीवर पडलेला काळा मणी शोधण्यासारखे आहे. अ‍ॅरिझोना आणि नेव्हाडा या संस्थानांतही ज्वालामुखींनी मैलोगणती काळे दगड पसरून ठेवले आहेत, शिवाय वाळवंटातील दगडांवर उन्हापावसाने चढणारा काळसर लेप असतो तो वेगळाच. त्यात भर म्हणून लोहखनिजाचे गोटे आणि जुन्या भट्ट्यांतून फेकलेला मंडूर. मंडुराला बुडबुड्यांची छिद्रे असतात, अशनीला बहुधा नसतात. लोहखनिज खरखरीत चिनी मातीवर घासले तर लाल किंवा काळी रेघ उमटते, ताज्या अशनीची सहसा उमटत नाही. विद्यापीठांकडे लोक मोठ्या आशेने जे दगड पाठवितात त्यांतील बहुतेक सारे या फसव्या मंडळींपैकीच निघतात. म्हणून अनुभवी शोधक नव्या प्रदेशात गेला की प्रथम तेथील घरचे दगड पाहून घेतो. घरच्या माणसांची ओळख पटल्यावाचून पाहुणा ओळखू येत नाही.

रुक्ष प्रदेशच या कामाला का निवडावा, याचे कारण गंज. अशनी सर्वत्र सारख्याच प्रमाणात पडतात. समुद्रात, अरण्यात, कोकणच्या भातखाचरांतही पडत असतील. परंतु पाऊस, ओल आणि वनस्पतींची मुळे यांपुढे धातूचे कण टिकत नाहीत. कोरड्या वाळवंटात मात्र दगड हजारो वर्षे तग धरतो, आणि वारा माती उडवून नेत असल्यामुळे तो उघड्यावर राहतो.

या भूमीवर अशनी ओळखणारे पहिले शोधक कोणत्याही विद्यापीठाचे नव्हते. १९२८ साली अ‍ॅरिझोनातील विनोना या ठिकाणाजवळ सिनाग्वा लोकांच्या प्राचीन वस्तीचे उत्खनन चालू असता दगडी फरशांनी बांधलेल्या एका लहान पेटीत एक अशनी आढळला. मृत बालकाला जशा पेटीत पुरावे तशीच ती होती. बाहेर काढताना तो जीर्ण दगड ढासळून गेला. परंतु त्याच्या घटकांचा अभ्यास होऊन आज अशनींचा एक संपूर्ण वर्ग विनोनाच्या नावाने ओळखला जातो. त्या लोकांनी तो दगड पडताना पाहिला होता, की माळावर हिंडताना उचलला होता, हे त्या पेटीवरून कळण्याजोगे नाही. एवढे मात्र दिसते की, हा दगड इतरांसारखा नव्हे हे त्यांनी जाणले होते आणि त्याला मानाने ठेवले होते.

त्यानंतर नाव घ्यावे ते कॅन्ससच्या एलायझा किंबर्ली या शेतकरी स्त्रीचे. १८८०च्या दशकात कायोवा परगण्यातील माळावर तिच्या कुटुंबाने शेती केली. त्या भागात दगड म्हणून नाहीच. म्हणून नांगराला लागणारे काळे, विलक्षण जड धोंडे शेजारीपाजारी गवताच्या गंजी दाबून ठेवण्यासाठी किंवा तळघराच्या झाकणावर वजन म्हणून वापरीत. एलायझाबाईंनी पूर्वी अशनीचा नमुना पाहिलेला होता. ते धोंडे त्यांनी घराशी साठविण्यास आरंभ केला आणि घरादाराचा उपहास सोशीत विद्वानांना पत्रामागून पत्रे धाडली. अखेरीस वॉशबर्न महाविद्यालयाचे प्राध्यापक क्रॅगिन येऊन पाहतात तो अंगणातील ढीग अस्सल अशनींचा! लोखंडाच्या जाळीत ऑलिव्हीनचे पिवळसर हिरवे स्फटिक जडविल्यासारखा असा तो दुर्मीळ प्रकार होता. मिळालेल्या पैशांतून त्या कुटुंबाची शेती वाढली, हे सांगताना चरित्रकार रंगून जातात. मला त्या पत्रांचे अधिक मोल वाटते.

याच कॅन्ससमधील मॅक्फर्सन महाविद्यालयात हार्वे निनिंजर नावाचे जीवशास्त्राचे अध्यापक होते. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका रात्री त्यांनी आकाशातून जाणारा अग्निगोल पाहिला, आणि ज्या ज्या गावच्या लोकांनी तो पाहिला असेल त्यांच्या साक्षी गोळा करून दगडाचे पतनस्थान निश्चित करण्याचे त्यांनी मनावर घेतले. अशनी हे इतके दुर्मीळ की मुद्दाम हुडकण्यात अर्थ नाही, असे त्या काळच्या जाणत्यांचे मत होते. निनिंजर यांची युक्ती मात्र साधी होती: सारी भूमी आपण एकटे तुडवू शकत नाही, परंतु शेतकरी ती रोज तुडवितच असतो, तेव्हा त्याचे डोळे तयार करावे. गावोगाव शाळांत, चर्चमध्ये, बाजाराच्या पेठेत नमुना हाती देऊन ते व्याख्याने देत आणि असा दगड आणून देणाऱ्यास वजनाप्रमाणे मोबदला देऊ करीत. नोकरी सोडून, मंदीच्या वर्षांत कुटुंबासह मोटारीतून भटकत त्यांनी हा उद्योग चालविला, आणि खासगी व्यक्तीने जमविलेला जगातील सर्वांत मोठा अशनीसंग्रह उभा केला. त्याचा एक भाग १९५८ साली ब्रिटिश म्युझियमला आणि दुसरा १९६० साली अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाला मिळाला. आयुष्याची इतकी वर्षे ज्यासाठी वेचली तो संग्रह चरितार्थासाठी विकावा लागला, हे वाचताना वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु पंचनाम्याचा खरा आदर्श घालून दिला तो जिम क्रीग यांनी, आणि त्यांची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. क्रीग हे टूसॉन येथील अ‍ॅरिझोना विद्यापीठातील स्थापत्य अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक. निवृत्तीनंतर सोने शोधण्याचा छंद त्यांना जडला होता. अ‍ॅरिझोनाच्या वायव्य कोपऱ्यात, मोहावी परगण्यात, मीड सरोवराच्या दक्षिणेस गोल्ड बेसिन नावाचा जुन्या खाणींचा टापू आहे. तेथे धातुशोधक यंत्र घेऊन हिंडत असता नोव्हेंबर १९९५ मध्ये त्यांच्या यंत्राने एका तपकिरी, काहीशा दुर्लक्षणीय दगडावर नाद केला. धातू नसलेल्या दिसणाऱ्या, परंतु यंत्राला फसविणाऱ्या अशा दगडांना सोने शोधणारे ‘हॉट रॉक’ म्हणतात आणि शिवी देऊन फेकून देतात. त्या खोऱ्यात कित्येक वर्षे कित्येकांनी असे दगड फेकले असतील. क्रीग यांनी तो घरी नेला, विद्यापीठातील ग्रहविज्ञान प्रयोगशाळेच्या डेव्हिड क्रिंग यांना दाखविला, आणि तो अशनी असल्याचे सिद्ध झाले.

येथपर्यंतची कथा कोणत्याही नशीबवान शोधकाची होऊ शकली असती. पुढे जे घडले ते त्या मनुष्याच्या स्वभावामुळे. त्यांनी गाजावाजा केला नाही. संशोधकांशी विचारविनिमय करून ठिकाण गुप्त ठेवले, आणि जॉन ब्लेनर्ट व ट्विंक मॉनरॅड या आपल्या दोन सहकाऱ्यांसह त्या डोंगरखोऱ्यात वर्षानुवर्षे पायपीट केली. प्रत्येक दगडाला क्रमांक, प्रत्येकाचे उपग्रहांच्या साह्याने घेतलेले अक्षांश-रेखांश, वजन, पुरलेला असल्यास किती खोल, असा एखाद्या मोजणी खात्याने ठेवावा तसा दप्तराचा कारभार त्यांनी ठेवला. नमुन्यांची संख्या हजारांवर गेली, आणि नकाशावर जे क्षेत्र उमटले ते शेकडो चौरस किलोमीटरांच्या हिशेबात मोजावे इतके विस्तीर्ण निघाले. त्याच जमिनीवर त्यांना या अशनीपाताशी काडीचाही संबंध नसलेले, निराळ्या काळी पडलेले दुसरे अशनीही मिळाले. आणि नोंदी चोख नसत्या तर हे उपरे त्या गर्दीत बेमालूम मिसळून गेले असते.

या नोंदींवरून आणि दगडांच्या परीक्षणावरून क्रिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली जो निष्कर्ष मांडला तो असा की, काही मीटर व्यासाचा एक पाषाणपिंड सुमारे १५,००० वर्षांपूर्वी या प्रदेशावर फुटला. एवढा जुना काळ दगडावरून कसा ठरवितात? पिंड अंतराळात असेपर्यंत विश्वकिरणांच्या आघाताने त्याच्या अंगी कार्बन-१४ तयार होत असतो. पृथ्वीवर पडल्यावर त्याला वातावरणाचे छत्र लाभते, नवी भर थांबते, आणि असलेला साठा दर ५,७३० वर्षांत निम्मा या गतीने क्षीण होत जातो. उरलेला साठा मोजला की दगड भूमीवर किती काळ पडून आहे ते कळते. ज्या वेळी हा वर्षाव झाला त्या वेळी, हिमयुगाच्या अखेरीस, तो प्रदेश आजच्यासारखा भाजलेला नव्हता. हवामान थंड आणि ओले होते. त्या ओलीने दगड तपकिरी केले, आणि पुढील वाळवंटाने ते राखले.

आज मात्र तेथील उन्हाशी गाठ आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, सावली म्हणावी तर जोशुआ वृक्षाची विरळ, आणि पाण्याचा प्रत्येक थेंब पाठीवर वाहून न्यावा लागतो. विदर्भातील मे महिना ज्यांनी पायी अनुभवला आहे त्यांना हे ऊन परके वाटणार नाही. परंतु तेथे मैलोगणती विहीर नाही, वस्ती नाही, आणि हाक मारली तर ओ देणारे कोणी नाही. चोया जातीच्या निवडुंगाचे काटे कातडी जोड्यातूनही आरपार जातात, दगडांच्या कपारीत रॅटलस्नेक पहुडलेले असतात, आणि सोडून दिलेल्या खाणींची उघडी तोंडे झुडपांआड दडलेली असतात. जुलै-ऑगस्टात ढग जमतात आणि कोरड्या ओढ्यांना घटकाभरात लोंढे येतात. त्या ऋतूला तेथील लोक मान्सून असेच म्हणतात, आणि आपल्या ओळखीचा हा शब्द इतक्या दूर ऐकून आश्चर्य वाटते. म्हणून शहाणे शोधक हिवाळा निवडतात. उन्हाळ्यात जावेच लागले तर पहाटे निघून ऊन तापण्यापूर्वी परततात. चार-सहा जण पाच-दहा पावलांच्या अंतराने रांग धरतात, शक्य तो सूर्य पाठीशी ठेवतात, आणि नांगरणीसारखे तास धरून जमीन पालथी घालतात. घाई केली तर दगड निसटतो, आणि फार वेळ टक लावली तर प्रत्येक सावली दगड भासू लागते. म्हणून नजरेलाही मधून मधून विसावा द्यावा लागतो.

ताजा अशनीपात झाला की ऋतू निवडण्याची मुभा राहत नाही. २२ एप्रिल २०१२ रोजी सकाळी कॅलिफोर्नियात सिएरा नेव्हाडाच्या पायथ्याशी सटर्स मिल येथे दगड पडले. १८४८ साली जेम्स मार्शल यांना सोने सापडून ज्या ठिकाणाहून साऱ्या जगाची धाव कॅलिफोर्नियाकडे सुरू झाली, तेच हे ठिकाण. पावसाचे थेंब टिपण्यासाठी उभारलेल्या हवामानखात्याच्या रडारांनी या वेळी आकाशातून कोसळणारे दगड टिपले, आणि त्यावरून शोधकांना कोठे जावे ते कळले. दोनच दिवसांत पाऊस आला. त्यापूर्वी जे मोजके तुकडे उचलले गेले त्यांचे मोल फारच मोठे ठरले, कारण हा अशनी कर्बयुक्त, ठिसूळ जातीचा होता आणि त्यातील काही घटक पाणी लागताच नासणारे होते. अशा वेळी उन्हात दोन तास अधिक चालणाऱ्याने पृथ्वीच्या स्पर्शापूर्वीचे रसायन हाती ठेवले असे म्हणता येईल.

दुसरे उदाहरण २ जून २०१६ च्या पहाटेचे. अ‍ॅरिझोनाच्या मध्यभागी, व्हाइट माउंटन अपाची जमातीच्या राखीव भूमीवर अग्निगोल फुटला. कॅमेऱ्यांनी मार्ग दाखविला, रडारांनी पतनक्षेत्र दाखविले. परंतु ते क्षेत्र म्हणजे डोंगर, घळी आणि झाडोरा, जेथे बाहेरच्या माणसास मुक्तद्वार नाही. निनिंजर यांचा संग्रह ज्या विद्यापीठात विसावला आहे त्याच अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या अशनी-अभ्यास केंद्राने जमातीच्या अधिकाऱ्यांकडून रीतसर परवानगी मिळविली, आणि लॉरेन्स गार्व्ही व त्यांचे सहकारी जूनच्या उन्हात तेथे तळ देऊन हिंडले. मिळाले किती? पंधरा दगड, आणि सर्वांचे मिळून वजन ऐंशी ग्रॅमांच्या आसपास. आपल्या ओंजळीचा तळही झाकणार नाही इतके. परंतु त्यांची कक्षा ठाऊक, पतनस्थळ ठाऊक, आणि प्रकार असा दुर्मीळ की, मूळ लघुग्रहाच्या पोटातील उष्णतेने त्यातील गोल दाणे जवळजवळ विरघळून गेलेले. या अशनीला अपाची भाषेतील ‘डिश्चीबिको’ हे नाव देण्यात आले, आणि दगड विद्यापीठात जतन होत असले तरी त्यांची मालकी जमातीकडेच राहिली. मला हा सारा व्यवहार फार सभ्य वाटतो.

मालकीचा प्रश्न निघालाच आहे, तर त्याचाही थोडा विचार करू. मे १८९० मध्ये आयोवा संस्थानातील फॉरेस्ट सिटीजवळ अशनी पडले. गॉडर्ड नावाच्या मालकाच्या जमिनीत एक मोठा दगड रुतला. त्या जमिनीच्या गवताचा मक्ता दुसऱ्याकडे होता, त्याच्या संमतीने तिसऱ्याने दगड उकरून काढला, आणि विंचेल नावाच्या चौथ्याने तो खरेदी केला. आकाशातून आलेली वस्तू जो उचलेल त्याची, असा खरेदीदाराचा युक्तिवाद. १८९२ साली संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि निर्णय दिला की, निसर्गक्रमाने जे जमिनीत येऊन मिळाले ते जमिनीचेच अंग झाले, म्हणून ते मालकाचे. सरकारी जमिनीवर सापडेल ते या न्यायाने सरकारचे ठरते. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या ओल्ड वूमन डोंगरांत सोने शोधणाऱ्यांना २,७५३ किलोग्रॅम वजनाचा लोहअशनी सापडला. त्यांनी खाणीच्या कायद्याखाली हक्क सांगितला, कॅलिफोर्निया संस्थानानेही दावा मांडला. परंतु अशनी काही खाणीतील खनिज नव्हे, असे ठरून तो स्मिथसोनियन संस्थेच्या अखत्यारीत गेला, आणि त्या दुर्गम कड्यावरून त्याला उचलून आणण्यास सैन्याचे हेलिकॉप्टर लागले. २०१२ पासून ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याने आपल्या बहुतांश जमिनींवर हौशी माणसाला वर्षाकाठी दहा पौंडांपर्यंत अशनी पृष्ठभागावरून वेचण्याची मुभा दिली आहे. मात्र विक्रीसाठी वेगळा परवाना लागतो, आणि राष्ट्रीय उद्यानांत वेचणीला मनाईच आहे. हा नियम हौशी पांथस्थावर अन्याय न करता शास्त्राचे हित पाहणारा आहे. त्यात उणीव असलीच तर एवढीच की, सापडल्या जागेची नोंद खात्याकडे देणे त्याने सक्तीचे केलेले नाही.

सटर्स मिलच्या घटनेला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, २२ मे २०१२ रोजी दुपारी, नागपूर जिल्ह्यात काटोल येथे गडगडाटासह अशनी पडले. भर मे महिना, संत्र्याच्या बागांचा मुलूख, आणि खाली काळी कसदार जमीन! लोकांनी उचलून आणलेल्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनी फिरून जमविलेल्या तुकड्यांचे वजन तेरा किलोग्रॅमांच्या आसपास भरले. त्यांतील एका तुकड्याच्या परीक्षणात पुढे ब्रिजमनाइट हे खनिज आढळले. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोलीवर ज्याचे प्रमाण सर्वाधिक आहे, परंतु जे तेथून जसेच्या तसे कधी वर येत नाही, असे हे खनिज काटोलच्या शिवारात आकाशातून आले. मान्सून जवळ येत असता ते तुकडे वेळेवर वेचले गेले नसते तर दोन-तीन पावसाळ्यांत काळ्या चिकणमातीने त्यांचे काय केले असते, याची कल्पना आपल्याकडील कोणताही शेतकरी करू शकेल.

पाणी आणि काळ दगडावर काय करतात याचा ताळेबंद होलब्रुकनेच पुरविला आहे. त्या एकाच वर्षावातील १९१२, १९३१ आणि १९६८ या तीन वर्षी उचललेले दगड संशोधकांनी शेजारी शेजारी ठेवून तपासले. पतनानंतर लगेच वेचलेला राखाडी गाभ्याचा, धातूचे कण चमकणारा. माळावर काळ काढलेल्यांत मात्र धातूला गंज चढलेला आणि पाण्याने काही मूलद्रव्ये वाहून नेलेली. अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या मुलखातही एवढा फरक पडण्यास एका मनुष्याचे आयुष्य पुरले. अशी तुलना करता आली याचे कारण, प्रत्येक पुडीवर कोणीतरी तारीख लिहून ठेवली होती. आजही त्या रेल्वेमार्गाजवळच्या वाळूत एखादा तांबूस, वाटाण्याएवढा खडा सापडतो. तो हातात न घेता शोधक आधी त्याच्या शेजारी एक मोजपट्टी ठेवतो, छायाचित्र घेतो, वहीत ऊन, वारा आणि स्थळ टिपतो, आणि मग वाकून दोन बोटांनी तो उचलतो.